बाविसाव्या प्रश्नाचं उत्तर

या वेळचं पत्र न्यू जर्सीहून आलं आहे. लिहिणाऱ्या सूनबाईंचं नाव अर्थातच देत नाही. पत्र चार पानी, प्रश्न पाच. मी त्यातल्या एकालाच धरून बसणार आहे, हे आधीच सांगून टाकते. उरलेल्यांना शेवटी दोन-दोन ओळी मिळतील. रागावू नका.

त्या लिहितात, "सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. नऊ वर्षांपासून आमच्याकडेच असतात, ग्रीन कार्ड आहे. तीन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालं. आता त्या मला शांता म्हणतात, म्हणजे त्यांची धाकटी बहीण. डॉक्टरांच्या ऑफिसातून सांभाळणाऱ्यांसाठीच्या एका कार्यक्रमाबद्दल कळलं म्हणून आम्ही दोघं एकदा जाऊन आलो. आठ-दहा जण होते, सगळे अमेरिकन, आणि बोलणं सगळं नर्सिंग होमचं. ह्यांना ते मुळीच आवडलं नाही. म्हणाले, आपण काय आईला कुठे टाकणार आहोत? हे आपल्यासाठी नाही. तिथे एक फॉर्म दिला होता, तो मी भरून दिला. तो बघून त्या बाई म्हणाल्या, तुमचं छान चाललंय. तसं छानच चाललंय. फक्त मला रात्री झोप लागत नाही."

तो 'फक्त' मी तीनदा वाचला.

आता मला सांगा, त्या फॉर्मवर तुम्ही काय लिहिलंत? नका सांगू, मला माहीत आहे. शून्य, शून्य, शून्य. 'कधीच नाही'च्या रकान्यात वरून खाली एक सरळ रेघ. आपल्यातल्या बहुतेक जणी तशीच रेघ मारतात. मीही मारली होती.

सांभाळणाऱ्याचा ताण मोजणारा हा फॉर्म बहुतेक ठिकाणी बावीस प्रश्नांचा असतो. झारिट नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या सुमारास त्याची पहिली आवृत्ती केली आणि आज जगभर तोच वापरतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, एकूण अठ्ठ्याऐंशी. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का? त्यांच्याजवळ असताना राग येतो का? त्यांच्या वागण्याची लाज वाटते का? त्यांच्यामुळे घरी कोणाला बोलवायला संकोच वाटतो का? हे सगळं दुसऱ्या कोणावर तरी सोपवून द्यावंसं वाटतं का? आणि शेवटचा, बाविसावा: एकंदरीत तुम्हाला किती ओझं वाटतं?

ओझं! आईचं ओझं! आपल्याकडची कुठली मुलगी किंवा सून या शब्दापुढे खूण करेल? इंग्रजीत तो शब्द ऑफिसच्या कागदांवर रोज फिरतो, त्याची धार गेलेली आहे. मराठीत मात्र तो शिवीच्या जवळ जाऊन बसतो. त्यामुळे प्रश्न विचारतात ताणाबद्दल आणि आपण उत्तर देतो संस्कारांचं. शिवाय फॉर्म भरताना शेजारी नवरा बसलेला असतो.

आमच्या घरी हे २००७ ते २०१२ चाललं होतं. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना माई म्हणायचो. तेव्हा अण्णा, म्हणजे सासरे, होते. डायनिंग टेबलावर मी तो फॉर्म भरत होते आणि अण्णा समोर बसून जुना दिवाळी अंक चाळत होते. त्यांना इंग्रजी उत्तम यायचं आणि उलटं धरलेलंही वाचता यायचं. मी एकवीस प्रश्नांना शून्य दिलं. एकाच प्रश्नाला पूर्ण चार दिले: 'तुम्ही त्यांच्यासाठी आणखी करायला हवं असं वाटतं का?' अठ्ठ्याऐंशीपैकी चार. सोशल वर्कर बाई म्हणाल्या, किती सुंदर सांभाळताय तुम्ही. आणि फाइल बंद केली. मी बोर्डात नंबर आल्यासारखी घरी आले. त्यांची यात काही चूक नव्हती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, इतकंच.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी माई काही केल्या आंघोळीला टबमध्ये उतरेनात. मी हात धरून ओढला. जरा नाही, चांगला ओढला. त्यांच्या हातातली काचेची बांगडी फुटली आणि मनगटाला लागलं. माईंनी वीस वर्षांत माझी कधी माफी मागितली नव्हती, मागायचं कारणही नव्हतं. त्या दिवशी रक्त बघून त्या मला म्हणाल्या, "चुकलं हो माझं." डॉक्टरांना मी सांगितलं की पाय घसरला. आमच्या ह्यांनाही तेच सांगितलं. खरं काय झालं ते मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतेय, कारण सूनबाई, तुमच्या पत्रात तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे, "कधीकधी माझा आवाज चढतो." त्याच्या आधी दोन शब्द खोडलेत. खोडलेलं मला वाचता येतं.

मग मी तो फॉर्म पुन्हा मागवला आणि ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून भरला. छप्पन्न आले. तोच महिना, तीच माई, तीच मी.

छप्पन्नानंतर काय मिळालं? आठवड्यातून दोनदा तीन-तीन तास एक बाई माईंपाशी येऊन बसायच्या. आणि सहा आठवड्यांचा एक वर्ग. त्या वर्गात मीही पहिल्या दिवशी तुमच्या ह्यांच्यासारखीच हाताची घडी घालून बसले होते. दुसऱ्या आठवड्यात शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमच्या सासूबाई त्यांच्या गावी आंघोळ कशी करायच्या? मी म्हटलं, पाटावर बसून, बादली आणि तांब्या. त्या म्हणाल्या, मग इथे वरून पाणी का सोडता? डोक्यावर धाडकन पाणी आलं की त्या घाबरत असणार. मी वाईच्या घरात सून म्हणून गेलेली बाई, आणि हे मला ओहायोच्या एका आजीबाईंनी सांगावं! टबमध्ये प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं, बादली आणली, आधी बाथरूम गरम केली, अंगावर टॉवेल तसाच ठेवून पायांपासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी माईंनी स्वतः तांब्या हातात घेतला.

आता तुमच्या ह्यांचं वाक्य, "हे आपल्यासाठी नाही." अर्धं खरं आहे, ते मी कबूल करते. आपली भाषा, आपलं जेवण, एका घरातल्या तीन पिढ्या हे त्या खोलीत कोणाच्या डोळ्यांसमोर नसतं. सांभाळणाऱ्यांना द्यायच्या आधारावर अमेरिकेत जो मोठा अभ्यास झाला, २००६ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. त्यात गोरी, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो अशी तीन तऱ्हेची कुटुंबं मुद्दाम घेतली होती. आपण नव्हतो. पण म्हणून असला आधार आपल्या लोकांना चालतच नाही, असं म्हणणाऱ्यांना मी गोव्याचं उदाहरण देते. तिथे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांवर प्रयोग केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. घरोघरी जाणाऱ्या सल्लागार बायका काही मोठ्या डॉक्टर नव्हत्या. त्यांना स्थानिक भाषा येत होती आणि थोडं प्रशिक्षण मिळालेलं होतं. त्या सहा महिने घरी येत राहिल्या. हा आजार म्हणजे काय ते समजावायच्या, हट्ट किंवा रात्रीची भटकंती कशी हाताळायची ते सांगायच्या, बाकीच्या नातेवाइकांना कामाला लावायच्या आणि अडलं तर मागे मनोविकारतज्ज्ञ होते. सांभाळणाऱ्यांचं मनःस्वास्थ्य सुधारलं, वागणुकीच्या त्रासाने येणारी घालमेलही कमी झाली. याच गोव्यातल्या आधीच्या अभ्यासात दिसलं होतं की घरचे या आजाराला आजार म्हणतच नाहीत, म्हातारपण म्हणतात. तरी या बायकांना दार उघडलं गेलं. कारण मला तरी उघड दिसतं. त्या घरी आल्या, चार शब्द आपल्या भाषेत बोलल्या. घरच्यांना कोणत्या खोलीत जाऊन गोल करून बसावं लागलं नाही.

उलट गोष्टही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचा 'आयसपोर्ट' नावाचा ऑनलाइन कार्यक्रम आहे. भारतात तो वापरून पाहिला तेव्हा बऱ्याच जणांनी मध्येच सोडला. रात्री अकरा वाजता भांडी आवरून झाल्यावर लॅपटॉप उघडून धडे कोण गिरवणार? म्हणजे आपण आधार नाकारतो असं नाही, तो कुठल्या दाराने येतो ते बघतो. तुम्हाला गटात बसवत नसेल तर घरी येणारं किंवा फोनवर बोलणारं कोणी मागा. असतं तसं. मागितल्याशिवाय मात्र कोणी सांगत नाही.

आणि नर्सिंग होमचा धसका. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी वर्षानुवर्षं एक अभ्यास केला, डिमेन्शिया झालेल्या नवऱ्याला किंवा बायकोला सांभाळणाऱ्यांचा. दोन बैठका एकट्याने, चार कुटुंबासह, पुढे गट आणि हवा तेव्हा फोन. ज्यांना हा आधार मिळाला त्यांच्या घरचं माणूस नर्सिंग होममध्ये जायला साधारण ५५७ दिवस उशीर झाला. दीड वर्ष! तुमच्या ह्यांना आई घरात हवी आहे ना? मग त्यांनीच तुम्हाला गाडीत घालून तिथे सोडायला हवं. आणि त्या सहा बैठकांतल्या चार कुटुंबाच्या होत्या, हेही त्यांना वाचून दाखवा.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते मेडिकेअरच्या, म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, 'गाइड' योजनेतलं असावं. ती जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. तीत एक ठरलेला मार्गदर्शक माणूस मिळतो, दिवसरात्र फोन करता येतो, सांभाळणाऱ्याला प्रशिक्षण मिळतं आणि आजार मध्यम किंवा पुढच्या टप्प्यात असेल तर तुम्हाला सुट्टी मिळावी म्हणून वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत दुसऱ्या माणसाची सोय होते. सासूबाईंकडे मूळ मेडिकेअरचे ए (इस्पितळाचा) आणि बी (डॉक्टरांचा) दोन्ही भाग हवेत, खासगी कंपनीचा ॲडव्हांटेज प्लॅन चालत नाही. ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिलेल्या ज्येष्ठांना ते भाग हप्ता भरून घेता येतात. तुमच्याकडे काय आहे ते ह्यांना आज कागद काढून बघायला सांगा. (व्हिजिटर व्हिसावर आईवडील आलेल्यांनी, माफ करा, इथे आशा लावू नये.) आणि नीट ऐका: या योजनेत तुम्हाला कुठल्या पायरीवर ठेवायचं हे आजाराच्या टप्प्याबरोबर तुमच्या ताणावरही ठरतं. तो ताण मोजायला काय वापरतात? तोच बावीस प्रश्नांचा फॉर्म. तुम्ही मारलेली शून्यांची रेघ विनयाची होती हे त्या कागदाला कळत नाही.

तर फोन करा आणि म्हणा, मला फॉर्म पुन्हा भरायचा आहे. घरात भरू नका. 'ओझं' शब्द अडला तर 'दमणूक' वाचा आणि तिच्याबद्दल लिहा. ह्यांनाही एक प्रत वेगळी भरू दे, एकमेकांची न बघता. दोघांच्या आकड्यांत किती फरक पडतो ते मला कळवा, मी पैज लावायला तयार आहे.

बाकीचे प्रश्न. डे केअरमध्ये "सगळ्या गुजराती बायका, थेपले आणि भजनं, आईंना करमेना," म्हणता. एकदाच नेलंत. आठ वेळा न्या. आमच्या माई चौथ्या दिवशी टाळ वाजवत होत्या, भाषा कुठली का असेना. ब्राह्मी-शंखपुष्पीचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका, आधीच सात गोळ्या चालू आहेत. ठाण्याच्या फ्लॅटच्या सह्यांसाठी वकील गाठा, तोही लवकर, मी त्यातली नाही. मुलांना आजी नावाने ओळखत नाही म्हणून वाईट वाटतं, तर त्यांना तिच्याबरोबर शेंगा सोलायला बसवा. नावाचं काम पडत नाही.

राहिले पुण्याचे दीर, जे दर रविवारी फोनवर "आईला इकडे आणा, तुम्हाला जमत नाहीये," म्हणतात. ते जुलैत तीन आठवडे येणार आहेत असं लिहिलंय तुम्ही. पहिल्या आठवड्याची आंघोळ त्यांच्याकडे द्या, आणि फॉर्मची एक कोरी प्रत त्यांच्यासाठीही काढून ठेवा.