आधी माळ्याचं कुलूप काढा

पत्र : मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. मुलगा बारावी सायन्सला आहे. सराव परीक्षेत फिजिक्सला ७८, केमिस्ट्रीला ४६. सारखा जुने अ‍ॅम्प्लिफायर खोलून बसतो, साउंडमध्येच जायचं म्हणतो. डॉल्बीवाला व्हायला शिकवतोय का त्याला? त्यात काही नाही. सगळं सामान माळ्यावर टाकून कुलूप लावलं. तीन आठवडे बोलत नाही. कम्प्युटरला जायला समजवा त्याला. – एक वडील, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. मार्कांची मला फारशी काळजी नाही, कुलपाची आहे. तुम्ही हातानं काम करत शिकलात. मुलगाही तेच करतोय, आणि त्याला त्याची शिक्षा झाली. बारावीच्या वर्षात बापलेकाचा तीन आठवड्यांचा अबोला केमिस्ट्रीच्या ४६ पेक्षा वाईट. पुस्तक उघडं असलं तरी पोराचं चित्त माळ्यावर असणार. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा बांधला. तिथं एका पोरानं अ‍ॅम्प्लिफायर खोलला तर लाज कसली? त्याला समजावणं मला जमणार नाही. तुम्हालाच सांगतो.

मिरवणुकीतली स्पीकरची भिंत म्हणजे डॉल्बी, असं आपल्याकडे डोक्यात बसलंय. रे डॉल्बी हे अमेरिकन इंजिनिअर, आणि त्यांचं नाव झालं ते टेपमधली खरखर कमी करण्यामुळं. रेकॉर्ड करताना हळू, बारीक आवाज मुद्दाम वर उचलायचे, ऐकवताना तेवढेच खाली आणायचे. त्यांच्याबरोबर टेपची खरखरही खाली जाते. शाळेत असतानाच ते अ‍ॅम्पेक्स या टेपरेकॉर्डर बनवणाऱ्या कंपनीत काम करू लागले. पुढं १९५७ ला स्टॅनफर्डची इलेक्ट्रिकलची पदवी, १९६१ ला केंब्रिजची फिजिक्समधली डॉक्टरेट, १९६३ ते ६५ संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात, आणि १९६५ ला लंडनमध्ये स्वतःची कंपनी. साउंड म्हणजे शिक्षण सोडलेल्यांचं काम, हे यात कुठं बसतं? तुमच्या मुलाचा फिजिक्सचा ७८ त्याच रस्त्यावरचा आहे.

पैशाचं म्हणाल तर, २०१३ मध्ये डॉल्बी गेले आणि २०१७ साली त्यांच्या मालमत्तेतून केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेला साडेआठ कोटी पौंडांची देणगी जाहीर झाली. तुमचा मुलगा एवढं मिळवेल असं मी म्हणत नाही. या क्षेत्रात सुरुवातीची वर्षं ओढाताणीची असतात, ते त्याला स्पष्ट सांगा. पण 'त्यात काही नाही' हे त्याच्यासमोर पुन्हा म्हणू नका.

बारावीनंतर त्याच्यापुढं रस्ते आहेत: इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा सीईटी देऊन ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, नाहीतर शिवाजी विद्यापीठातून बीएस्सी. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटचा साउंडचा कोर्स पदवीनंतरचा आहे, त्याची आज घाई नाही.

आज रात्री सामान खाली काढून द्या, कसलीही अट न घालता. केमिस्ट्रीचं वेळापत्रक दुसऱ्या दिवशी दोघं मिळून करा. प्रवेशाचा फॉर्म भरताना पसंतीक्रम त्याला ठरवू दे, तुम्ही शेजारी बसा. कम्प्युटर नको म्हणाला तर का नको, ते पूर्ण ऐकून घ्या. आणि पुढचं पत्र त्यालाच लिहायला सांगा.