कोल्टचं डबल ईगल पिस्तूल का चाललं नाही?

मला विचाराल तर ते दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना नको होतं. १९११ म्हणजे जॉन ब्राउनिंगने डिझाईन केलेलं कोल्टचं जुनं दणकट पिस्तूल, अमेरिकन आर्मीने १९८५ मध्ये ते सोडून बेरेटाचं डबल अ‍ॅक्शन पिस्तूल घेतलं (म्हणजे नुसता ट्रिगर ओढला की हॅमर, गोळीवर आदळणारा हातोडा, आपोआप मागे जाऊन गोळी सुटते), तेव्हा लोकांना असंच हवंय हे बघून कोल्टने १९८९-९० च्या सुमारास त्याच १९११ ला डबल अ‍ॅक्शन करून डबल ईगल आणलं. पण १९११ च्या चाहत्यांना आवडतो तो त्याचा छोटा, हलका, दर वेळी सारखाच ट्रिगर आणि अंगठ्याशी असलेली सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणूनचा खटका), तेच दोन्ही काढून टाकलं ना! पहिली गोळी लांब, जड ट्रिगर ओढून, पुढच्या हलक्या, आणि सेफ्टीच्या जागी हॅमर खाली सोडायचा डीकॉकर. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये तर ग्रिप काढली की आतले बारीक पार्ट निसटायचे, साफसफाई करणाऱ्याला केवढा ताप! आणि ज्यांना खरंच मॉडर्न पिस्तूल हवं होतं त्यांच्यासमोर सिग होतं, ग्लॉक होतं, हलकं आणि जास्त गोळ्यांचं, मग हे वजनदार स्टीलचं कोण घेणार? कोल्टची तेव्हा आर्थिक हालतही वाईट, १९९२ ला दिवाळखोरी. १९९७ च्या आसपास बंदच केलं.