बाल्डसचा फोटो की शाईचा छाप? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

एदुआर बाल्डस या फ्रेंच वास्तुछायाचित्रकाराबद्दल तेच ते प्रश्न वारंवार येतात. त्यांतले काही एकत्र घेतो.

प्रश्न : बाल्डस फ्रेंच की जर्मन?
उत्तर : जन्म 1813 मध्ये प्रशियात, 1838 पासून पॅरिसमध्ये. आला चित्रकार व्हायला, नाव झाले फोटोंमुळे.

प्रश्न : दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावच्या सेंट-त्रोफिम मठातल्या ओवऱ्यांचा त्याचा फोटो ‘जोडलेला’ आहे असे वाचले. म्हणजे खोटा?
उत्तर : कुठे वाचले ते कळले तर बरे होईल, कारण ही अर्धवट माहिती फार पसरली आहे. 1851 मध्ये सरकारी स्मारक आयोगाने पाच छायाचित्रकारांना देशभरच्या जुन्या वास्तू टिपायला पाठवले, त्यांत बाल्डस होता. ओवरी काळोखी, बाहेर लख्ख ऊन. जवळचा खांब आणि लांबची कमान एकाच निगेटिव्हमध्ये स्पष्ट येईना. म्हणून त्याने सुमारे दहा कागदी निगेटिव्ह जोडली आणि सांधे कुंचल्याने बुजवले. इमारत खरी, चित्र जुळवलेले. त्यावरून मापे काढणाऱ्यांनी मात्र आधी वास्तुतज्ज्ञाला विचारावे.

प्रश्न : रेल्वेचे अल्बम त्याने हौसेने केले का?
उत्तर : नाही, कामाची मागणी आली होती. 1855 चा बोलोन-पॅरिस मार्गाचा अल्बम रेल्वे कंपनीचा प्रमुख, बँकर जेम्स द रोथशिल्डने व्हिक्टोरिया राणीच्या भेटीनिमित्त करवून घेतला.

प्रश्न : भावाने पॅरिसच्या जुन्या बाजारातून लूव्रचा फोटो आणला. खाली बाल्डसचे नाव आहे. विक्रेत्याने ‘मूळ फोटो’ म्हणून दिला. सहा महिने दिवाणखान्यात खिडकीसमोर लावला आहे. किंमत किती येईल?
उत्तर : आधी तो आज भिंतीवरून उतरवा, किमतीचे नंतर.

‘मूळ फोटो’ हा शब्द विक्रेते फार सैलपणे वापरतात आणि मला त्याचा खरोखर राग येतो. बाल्डसने पुढे हेलिओग्राव्ह्युर नावाची छपाई हाती घेतली. त्यात फोटोवरून तांब्याचा पत्रा कोरून शाईने छापतात. ही नक्कल नाही, त्याचेच काम आहे, आणि सुंदर आहे. पण ते फोटोच्या भावाने विकणे म्हणजे ग्राहकाला फसवणे.

दहापट भिंग घ्या. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट कागदात खोल उमटली असेल आणि काळ्या भागात शाईचे बारीक कण दिसत असतील, तर तो बहुधा छाप आहे. खारवलेल्या कागदावरच्या फोटोत चित्र तंतूंतच मुरलेले, चकाकी नसलेले असते. अंड्याच्या पांढऱ्याचा लेप असलेला फोटो पातळ, चकचकीत आणि बहुधा पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो. या दोन्हींत चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांनी बनते, आणि उजेड व दमटपणा त्यांना मारक. कडा पिवळ्या पडून बारीक तपशील आधी जातो, आणि गेलेला परत येत नाही. सहा महिने वाट का पाहिलीत?

ओल्या फडक्याने पुसू नका, चिकटपट्टी लावू नका, फ्रेम घरी उघडू नका. नावावर भरवसा ठेवू नका, नाव फोटोवर आणि छापावर, दोन्हीकडे असू शकते. वस्तू कागद-संवर्धकाला प्रत्यक्ष दाखवा. मोबाइलवरच्या फोटोवरून मी किंमत सांगत नाही.

प्रश्न : त्याच्या फोटोंत आकाश कोरे का?
उत्तर : तेव्हाचे रसायन निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होते, त्यामुळे आकाश पांढरे पडे. काही निगेटिव्हवर तो ते रंगानेही झाकत असे. तुमच्या प्रतीत ढग दिसत असतील तर जाणकाराला जरूर दाखवा.