टीबी गायीगुरांकडून माणसात आला आणि स्थलांतरामुळे जगभर पसरला, हे खरं आहे का?

दुसरा भाग बराचसा खरा आहे. पहिला आता टिकत नाही. गुरांना टीबी करणाऱ्या जिवाणूच्या जीनोममधून (म्हणजे त्याच्या सगळ्या जनुकीय माहितीतून) काही तुकडे गळालेले आहेत. तेच तुकडे माणसातल्या जिवाणूत शाबूत आहेत. हा जिवाणू इतरांकडून जनुकं उसनी घेत नाही, त्यामुळे एकदा गळालेलं परत येत नाही. म्हणजे गुरांमधला प्रकार नंतरचा. हे 2002 साली दाखवलं गेलं.

मूळ आफ्रिकेत, यावर फारसा वाद नाही. जिवाणूच्या जवळजवळ सगळ्या मुख्य शाखा (त्या क्रमांकांनी ओळखल्या जातात) तिथे सापडतात. पाचवी आणि सहावी तर पश्चिम आफ्रिकेबाहेर क्वचितच दिसतात. बाकी जगात निवडक शाखांचंच राज्य आहे: पूर्व आशियात दुसरी, युरोप-अमेरिकेत चौथी.

खरं भांडण आहे ते काळाचं. 2013 च्या एका अभ्यासाने माणसाचा आणि जिवाणूचा वंशवृक्ष शेजारी ठेवले, ते जुळतात असं धरलं आणि सुमारे 70,000 वर्षांपूर्वी माणसांसोबतच टीबी आफ्रिकेबाहेर पडला असं सांगितलं. पुढच्याच वर्षी पेरूमधल्या हजारेक वर्षं जुन्या सांगाड्यांतून जिवाणूचा जीनोम मिळाला आणि सगळ्या शाखांचा समाईक पूर्वज 6,000 वर्षांच्या आतला निघाला. मला दुसरा हिशोब जास्त पटतो, कारण तो काळ ठाऊक असलेल्या नमुन्यांवर बेतलेला आहे. 1679 मध्ये वारलेल्या पेडर विन्स्ट्रुप या बिशपच्या फुप्फुसातल्या गाठीतूनही पुढे जवळपास तेच उत्तर आलं.

पण मग पंचाईत होते. आशिया आणि अमेरिका जोडणारी जमीन त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली गेली होती. कोलंबसही यायचा होता. पेरूत टीबी पोहोचला कसा? तिथला जिवाणू सील माशांमधल्या (खरं तर ते सस्तन प्राणी) प्रकाराच्या सर्वांत जवळचा निघाला. सील समुद्र ओलांडून आले, किनाऱ्यावरच्या लोकांनी त्यांची शिकार केली, मांस हाताळलं आणि त्यातून टीबी माणसांत आला, असा अंदाज आहे. युरोपीय लोक आल्यावर त्यांच्याबरोबरच्या चौथ्या शाखेने हा जुना प्रकार मागे सारला.

स्थलांतराने नेमकं काय होतं, हे मला कॅनडाच्या उदाहरणातून सगळ्यात स्पष्ट दिसतं. फरचा व्यापार करणाऱ्या फ्रेंच-कॅनेडियन लोकांनी 1710 ते 1870 च्या दरम्यान क्विबेककडचा जिवाणू होड्यांतून पश्चिमेच्या आदिवासी वस्त्यांपर्यंत नेला. तरीही मोठी साथ आली नाही. जिवाणू छोट्या, विखुरलेल्या गटांमध्ये पिढ्यानपिढ्या तग धरून राहिला. साथ भडकली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, लोकांना राखीव क्षेत्रांत कोंबल्यावर, उपासमारीत आणि दाटीवाटीच्या घरांत. तोवर फरच्या व्यापारासाठी क्विबेककडच्या लोकांचं येणं जवळजवळ थांबलं होतं.

इतका काळ तग धरणं जमतं ते सुप्त संसर्गामुळे, म्हणजे जिवाणू शरीरात असतो पण आजार होत नाही. लागण झालेल्यांपैकी साधारण 5 ते 10 टक्के लोकच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात, काही तर कित्येक वर्षांनी. त्यामुळे कमी टीबी असलेल्या श्रीमंत देशांत स्थलांतरितांना होणारा टीबी बऱ्याचदा मायदेशातली जुनी लागण जागी झाल्याने होतो, आणि तो स्थानिकांमध्ये फारसा पसरत नाही. छातीचा एक्स-रे ही सुप्त लागण पकडू शकत नाही. त्यासाठी त्वचेची किंवा रक्ताची चाचणी आणि प्रतिबंधक औषधं लागतात.