एमआरआय नॉर्मल आलाय, मग बाबांना परत मशीनमध्ये कशाला?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझे बाबा ६३ वर्षांचे आहेत. वर्षभरापासून उजव्या हाताचा अंगठा थरथरतो, सही बारीक होत चाललीय आणि वास येणं तर त्याच्याही आधी बंद झालंय. न्यूरॉलॉजिस्टनी तपासून सुरुवातीचा पार्किन्सन्स आहे असं सांगितलं. एमआरआय केला तर तो नॉर्मल, फक्त खाली एक ओळ आहे की व्हाईट मॅटरमध्ये थोडे ठिपके दिसतात. आता एका रिसर्चसाठी बाबांचा वेगळा एमआरआय करायचाय म्हणे, व्हाईट मॅटर बघायला, आणि वर्षाने परत एकदा. नॉर्मल आहे तर परत कशाला? आणि व्हाईट मॅटर बिघडलंय म्हणजे आता स्मरणशक्तीपण जाणार का? मी रात्र रात्र नेटवर वाचत बसते आणि जास्तच घाबरते. (नाव छापू नये)

उत्तर : ताई, आधी त्या ठिपक्यांचं सांगतो, कारण तुमची झोप त्यांनीच उडवलेली दिसतेय. ते ठिपके आणि रिसर्चवाले जे बघणार आहेत ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हीला व्हाईट मॅटरच म्हणतात म्हणून गोंधळ होतो. (व्हाईट मॅटर म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंचा भाग.) साठीनंतर थोडेफार ठिपके खूप जणांच्या एमआरआयमध्ये दिसतात, ते मेंदूतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांचं दुखणं असतं, वय, बीपी, शुगर, सिगरेट यांच्याशी जोडलेलं. पार्किन्सन्स त्यांच्यामुळे झालेला नाही आणि तेवढ्या ओळीवरून स्मरणशक्ती जाणार असं कोणीही सांगू शकत नाही. पण ठिपके वाढले तर चालण्यावर आणि विचारांच्या वेगावर परिणाम होऊ शकतो, म्हणून बाबांचं बीपी आणि शुगर मात्र नीट सांभाळा, ते तुमच्या हातात आहे.

आता नॉर्मल एमआरआयबद्दल. सुरुवातीच्या पार्किन्सन्समध्ये साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, तो मुळात दुसरं काही नाही ना, म्हणजे स्ट्रोक, गाठ, मेंदूत साठलेलं पाणी, हे बघायला काढतात. हालचालींसाठी लागणारं डोपामीन हे रसायन बनवणाऱ्या पेशी ज्या भागात मरतात तो सबस्टॅन्शिया नायग्रा मेंदूच्या देठात असतो, एवढासाच, आणि तिथली झीज साध्या फोटोत उठून दिसत नाही.

रिसर्चवाला स्कॅन म्हणजे बहुतेक डीटीआय (डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग, म्हणजे मेंदूतल्या पाण्याची हालचाल मोजणारा एमआरआय) असणार, ही पद्धत १९९४ साली मांडली गेली. गवताची पेंढी पाण्यात उभी धरली तर पाणी काड्यांच्या बाजूने सरसर चढतं पण आडवं जायला त्याला जड जातं, मेंदूतल्या नसांच्या तंतूंचंही तसंच आहे. मशीन वेगवेगळ्या दिशांनी, बऱ्याचदा ३० नाहीतर ६४ दिशांनी, पाणी कुठे सहज सरकतंय ते मोजतं, आणि ती हालचाल असते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी! त्यातून ० ते १ मधला एक आकडा निघतो, त्याला एफए म्हणतात. पाणी सगळीकडे सारखं पसरत असेल तर ० च्या जवळ, तंतू घट्ट एका दिशेने लावलेले असतील तर १ कडे.

मग एफए कमी झाला की आजार वाढला, असं सरळ आहे का? नाही, आणि हीच गोष्ट नेटवर नीट कोणी सांगत नाही. काही अभ्यासांत औषध सुरू न केलेल्या सुरुवातीच्या पेशंटमध्ये काही भागांत एफए उलट जास्त निघाला. मेंदू दुसऱ्या वाटा वापरून भरपाई करतोय असं काही जण म्हणतात, पण दुसरंही कारण असू शकतं. मेंदूत तंतू एकमेकांना आडवे छेदून जातात, आणि स्कॅनचा एक ठोकळा साधारण २ मिलिमीटरचा, त्यात हजारो तंतू मावतात. दोन वाटांपैकी एक झिजली की उरलेली एकच सरळ दिसते आणि आकडा वाढतो, म्हणजे नुकसान होऊनही आकडा सुधारल्यासारखा! त्यामुळे एकट्या एफएवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

वर्षाने परत बोलावतात त्याला कारण आहे. पेशींच्या बाहेर मोकळं फिरणारं पाणी वेगळं मोजता येतं, त्याला फ्री वॉटर म्हणतात, आणि नायग्राच्या मागच्या भागात ते पार्किन्सन्समध्ये वाढलेलं दिसतं (नायग्रा खरं तर ग्रे मॅटर, म्हणजे तंतूंचा नाही तर पेशींचा भाग, पण स्कॅन तोच). २०१० मध्ये सुरू झालेल्या पीपीएमआय नावाच्या मोठ्या अभ्यासातल्या पेशंटमध्ये ते पहिल्या वर्षात वाढलं आणि पुढे चार वर्षांपर्यंत वाढत गेलं. उद्या एखादं औषध आजार खरंच हळू करतंय का हे तपासायचं तर असंच काहीतरी मोजायला लागणार, नुसता कंप कमी झाला यावरून ते कळत नाही. म्हणून बाबा तयार असतील तर मला हा स्कॅन मोलाचा वाटतो.

पण त्यातून बाबांचं स्वतःचं भविष्य कळणार नाही. हे फरक पन्नास-शंभर लोकांच्या सरासरीत दिसतात, एकेका माणसाचे आकडे निरोगी माणसांच्या आकड्यांत मिसळून जातात. निदान डॉक्टरांनी तपासून केलंय, ते तसंच राहतं.

स्कॅनच्या दिवशीचं थोडं. ठोकठोक आवाज जोरात असतो, कानात प्लग देतात, डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम लावतात. बाबांचा हात थरथरतो हे टेक्निशियनला आधीच सांगा, कारण हाताच्या थरथरीने डोकंही किंचित हललं तर आकडे बिघडतात आणि ते बिघडणं आजारासारखंच दिसतं, मी असे स्कॅन बाजूला काढलेत. पेसमेकर किंवा अंगात कुठे धातू असेल तर तेही सांगा. त्या दिवशी गोळी उशिरा घ्यायची का हे रिसर्चवाल्यांना आणि तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा, स्वतःहून डोस चुकवू नका. आणि सही करायच्या आधी एवढं विचारा, की स्कॅनमध्ये अचानक दुसरं काही सापडलं तर तुम्ही आम्हाला कळवणार का, आणि कोण कळवणार.