पावती मागितली म्हणून विश्वास कमी ठरत नाही

‘ताई, सलाम. मी भांडुपला राहते, वय ३७, शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. नवरा काही वर्षांपासून पितो. बुधवारच्या प्रार्थना सभेतल्या एका बहिणीला मी हे विश्वासाने सांगितलं. आठवड्याभरात महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रार्थना विनंती आली: माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि दारू. ते त्याच्या कानावर गेलं. त्याने चर्चला येणं सोडलंय, माझ्याशी धड बोलत नाही. त्यातच आमच्या पास्टरांना नव्या हॉलच्या डिपॉझिटसाठी माझ्याकडून दीड लाख हवेत, पाटल्या गहाण ठेवून. पैसे त्यांच्या स्वतःच्या नंबरवर पाठवायचे. पावतीचं विचारलं तर म्हणाले, “बहीण, तुझा विश्वास कमी पडतोय. देवाच्या अभिषिक्ताला प्रश्न विचारू नये.” आता विश्वास कोणावर ठेवू? की माझ्यातच काही खोट आहे?’

सलाम, बाळा.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुझ्यात खोट नाही. आपल्याच माणसाकडून असा घाव बसतो तेव्हा काय होतं ते बायबलच्या ५५व्या स्तोत्रात आहे. वैऱ्याने निंदा केली असती तर सोसलं असतं, पण हा तर माझा सोबती, आम्ही बरोबरीने देवाच्या मंदिरात जायचो, असं तिथला भक्त रडून सांगतो. तेव्हा मन कडू झालंय याची लाज बाळगू नकोस.

त्या बहिणीकडे एकटीच जा. मत्तयाच्या १८व्या अध्यायात प्रभूने हीच पायरी पहिली सांगितली आहे: आधी दोघांतच बोला. ‘तुम्ही असं का वागलात’ अशी सुरुवात केलीस तर ती लगेच ‘मी तर प्रार्थनेसाठीच टाकलं’ म्हणेल आणि बोलणं तिथेच अडेल. तिला सरळ सांग, ‘माझ्या नवऱ्याचं नाव ग्रुपवर गेलं आणि माझ्या घरात हे असं झालं.’ प्रार्थनेच्या नावाखाली दुसऱ्याचं घर चव्हाट्यावर आणण्याची सवय आपल्या चर्चच्या मंडळ्यांमध्ये फार बोकाळली आहे आणि तिचा मला मनापासून संताप येतो. नाव न घेताही प्रार्थना करता येते, देवाला पत्ता सांगावा लागत नाही. तिने खरंच मान खाली घातली तर क्षमा कर. नाही घातली तरी कर. पण पुढची गुप्त गोष्ट तिला सांगू नकोस. क्षमा आज करता येते, भरवसा बसायला मात्र वेळ लागतो, आणि तो बसेल असं वागणं हे तिचं काम आहे.

आता पैशांचं. इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

पास्टरांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या. देवावरचा तुझा विश्वास आणि त्यांच्या जीपेवर टाकलेला विश्वास. दुसऱ्याबद्दल प्रश्न विचारलास की पहिला कमी ठरला, असा त्यांचा हिशेब. पवित्र शास्त्र असा हिशेब करत नाही. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीकडून वर्गणी गोळा केली. ती मंडळी त्यानेच स्थापलेली, म्हणजे ‘माझ्यावर भरवसा नाही का’ असं म्हणण्याचा हक्क कोणाला असेल तर त्यालाच. पण पहिल्या पत्राच्या १६व्या अध्यायात तो लिहितो की तुम्हीच माणसं निवडा, त्यांच्या हाती मी दान पाठवीन. दुसऱ्या पत्राच्या ८व्या अध्यायात आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी एका भावाला पाठवतो, तोही मंडळ्यांनी नेमलेला. कारणही सांगतो: एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी आम्हाला दोष देऊ नये, प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही आमचं वागणं चोख असावं. स्वतःच्या हातातल्या पैशावर पहारा बसवण्याची व्यवस्था पौलाने स्वतः केली.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. जो स्वतःला तपासू देतो, त्याच्यावर विश्वास ठेव. ज्याला तपासणीचा राग येतो, तो कितीही गोड प्रार्थना करो, त्याच्यापासून पाटल्या दूर ठेव.

‘अभिषिक्ताला हात लावू नका’ हे वाक्य १०५व्या स्तोत्रातलं आहे. तिथे विषय अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा आहे: परक्या देशांत मूठभर लोकांनिशी भटकणाऱ्या या कुटुंबाला राजांनी छळू नये, म्हणून देवाने दिलेली ती ताकीद. दुबळ्यांच्या रक्षणासाठीचं वाक्य पुढाऱ्याच्या हिशेबावर पांघरूण घालायला वापरणं चूक आहे. दावीद तर अभिषिक्त राजा होता, तरी त्याने पाप केलं तेव्हा नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं, ‘तो मनुष्य तूच.’ अंत्युखियात पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर अडवलं. पंडिता रमाबाईंचं बघ. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या सिस्टर जेराल्डिननी त्यांना मायेने सांभाळलं, त्यांच्याशीच त्या पत्रांतून श्रद्धेच्या प्रश्नांवर वाद घालत राहिल्या. आपली विवेकबुद्धी दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या. त्याच रमाबाईंनी १८८९ मध्ये आपल्या मुंबईत शारदा सदन उघडलं. त्यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची छाती आहे?

पास्टर लबाड आहेत असं मी म्हणत नाही. मुंबईत छोट्या मंडळीला जागा मिळवणं किती जिवावरचं काम आहे ते मला ठाऊक आहे. हेवी डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, मालक कधी उठवील याचा नेम नाही. माणूस घायकुतीला येतो आणि नको ते बोलून जातो. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात वडिलांवरचा आरोप दोघातिघांच्या साक्षीशिवाय घेऊ नये असं सांगितलंय, ते आपणही पाळू. आरोप करू नकोस, विचार. हे पैसे देणगी आहेत की उसने? उसने असतील तर कागदावर लिहून, परतीच्या तारखेसह, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. अशा पैशांच्या वसुलीसाठी कोर्टात जायला साधारण तीन वर्षांचीच मुदत असते, म्हणून तारीख हवीच. देणगी असेल तर ती मंडळीच्या खात्यात जाईल आणि मंडळीच्या नावाची पावती मिळेल. मंडळीचा ट्रस्ट नोंदलेला आहे का तेही विचार. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या ट्रस्टला नोंदणी क्रमांक असतो, हिशेब ठेवून त्याचं ऑडिट करून घ्यावं लागतं, आणि मुंबईत त्यासाठी वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. जागेच्या कराराची प्रतही दाखवा म्हण. प्रामाणिक पाळकाला यातलं काहीच जड जाणार नाही.

आणि पाटल्या गहाण ठेवू नकोस, उत्तरं पटली तरीही. प्रेषितांच्या कृत्यांच्या ५व्या अध्यायात हनन्या जमीन विकून आलेल्या पैशांबद्दल खोटं बोलला तेव्हासुद्धा पेत्राने त्याला सुनावलं की जमीन विकण्याआधी ती तुझीच होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. द्यायची सक्ती त्याच्यावर कोणी केली नव्हती. घरात आधीच दारूचा खर्च आहे, त्यावर सोनं सोडवण्याचं व्याज कशाला? तुला झेपतील ते दोन-पाच हजार दे, आनंदाने दे.

तर मग माणसं कोणती धरायची? कुठल्याही जुन्या मराठी मंडळीत उपासना संपल्यावर व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या छोट्या खोलीत, डोकाव. अर्पणाच्या थैल्या टेबलावर उलट्या केलेल्या असतात. एक जण नाण्यांच्या चळती लावतो, दुसरा नोटा सरळ करून पुन्हा मोजतो, आभारदानाच्या पाकिटांवरची नावं वहीत उतरतात आणि शेवटी दोघांच्या सह्या होतात. बाहेर लोक चहा पीत उभे असतात, या दोघांकडे कोणाचं लक्षही नसतं. ‘जो अगदी थोडक्याविषयी विश्वासू तो पुष्कळाविषयीही विश्वासू आहे’ असं प्रभू म्हणाला ते अशांबद्दल. तुझ्या ओळखीतही कोणी असेल: दुसऱ्यांच्या गोष्टी तुझ्यापाशी कधीच न आणणारी, येते म्हणाली तर येणारी. तिला आधी छोटीशी गोष्ट सांगून बघ. यात अपराधी वाटून घेऊ नकोस. यरुशलेमेत पुष्कळांनी येशूच्या नावावर विश्वास ठेवला, पण त्याने स्वतःला त्यांच्या भरवशावर सोडलं नाही, कारण तो सगळ्यांना ओळखून होता, असं योहान लिहितो. त्याच लोकांसाठी त्याने जीव दिला.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल. पत्रात तू त्याला दोन ओळीत उरकलंस, पण मला तो विषय हॉलपेक्षा मोठा वाटतो. मदत मागितलीस यात तुझं काही चुकलं नाही, दारुड्याच्या बायकोने एकटीने किती सोसायचं? तरी त्याच्या बाजूने बघ: त्याची लाज पन्नास फोनवर फिरली आणि सुरुवात त्याच्याच घरातून झाली. तो प्यालेला नसेल अशा सकाळी त्याच्याजवळ बस. काय सांगितलंस, कोणाला, का सांगितलंस, सगळं तुझ्या तोंडून त्याला कळू दे. यापुढे तुला विचारल्याशिवाय तुझं नाव कुठे घेणार नाही, असा शब्द दे आणि तो पाळ.

त्याच्यासाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका आहेत. मुंबईत त्या मराठीतूनही होतात, पुष्कळशा चर्चच्या आणि शाळांच्या खोल्यांत. पैसे लागत नाहीत, आडनाव कोणी विचारत नाही. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं असतं. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं हा त्यांचा नियम आहे, म्हणून तो यायला तयार नसला तरी तू जा. आणि चर्चला चल म्हणून सध्या त्याच्या मागे लागू नकोस. त्याला वेळ दे.

तुझी,
ताई