गटाराचा फोटो आणि केसची धमकी

प्रश्न : गल्लीतलं नवं गटार पहिल्याच पावसात खचलं. मी ग्रुपवर फोटो टाकून ‘कंत्राटदारानं पैसे खाल्ले’ असं लिहिलं. तो आता अब्रुनुकसानीची केस टाकतो म्हणतोय. मला बोलायचा हक्क नाही का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आहे, दादा, आणि तो अजिबात सोडू नका. पण राज्यघटनेच्या कलम १९(२) मधल्या मर्यादांत अब्रुनुकसानी येते. फोटो राहू द्या, खचलेलं सगळ्यांना दिसतंय. ‘पैसे खाल्ले’ मात्र आजच काढा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार लोकहितासाठी केलेला खरा आरोप गुन्हा ठरत नाही, पण तो खरा असल्याचं तुम्हालाच दाखवावं लागेल. गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. पोलीस परस्पर उचलून नेतील ही भीती नको. माहिती अधिकारात त्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या वहीची, प्रत मागा.